व्हॅनमाला आणि धुरींचं अल्प उत्सर्जन क्षेत्र

सहदेव घाडीगावकरला दोन बायका आहेत, हे चारकोपच्या त्या सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच कळायचं, आणि सांगणारी त्याची बायको नलिनीच असायची. एक मी, म्हणायची, आणि दुसरी ती खाली उभी आहे बघा. नवा माणूस दबकत खिडकीतून खाली बघायचा. खाली एक पांढरी ओम्नी उभी असायची आणि सहदेव जुन्या बनियनने तिची काच पुसत असायचा.

ओम्नीचं नाव व्हॅनमाला. ते सहदेवनेच ठेवलेलं. नलिनीची वनमाला नावाची एक मावसबहीण होती, दिसायला बरी, तिच्यावरूनच हे नाव सुचलं असा नलिनीचा संशय होता. सहदेवने अठरा वर्षांत तो संशय एकदाही दूर केला नाही. संसारात एखादा संशय शिल्लक ठेवावा, त्याने आमटीत मीठ बेताचं पडतं, असं तो म्हणायचा.

सहदेवचा बाप गिरणीत होता. गिरणी गेली, लालबागची खोली गेली, आणि म्हाडाची लॉटरी लागून घाडीगावकर मंडळी चारकोपला आली. सहदेव तिथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये फिटर म्हणून लागला आणि बत्तीस वर्षं मशिनांचे आवाज ऐकून निवृत्त झाला. त्यामुळे कान असे तयार झाले होते, की शेजारच्या मिक्सरचं बुश गेलंय हे तो भिंतीपलीकडून सांगायचा. व्हॅनमालाचं इंजिन त्याने तीनदा स्वतः उघडलं होतं. पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओत नेऊन तिचं रीपासिंग करून आणलं, ग्रीन टॅक्स भरला, आणि दर सहा महिन्यांनी पीयूसी न चुकता काढत राहिला. दर रविवारी हीच गाडी भजन मंडळाला घेऊन निघायची. पखवाज, पेटी, टाळांची पिशवी आणि माणसं. कागदावर आठ माणसांची परवानगी होती. प्रत्यक्षात किती बसायची ते इथे लिहिणं बरं नाही.

सोसायटीचं नाव श्री रवळनाथ. अठ्ठेचाळीस घरं, त्यातली निम्म्याहून जास्त कुडाळ, मालवण, सावंतवाडीकडची. गावी देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान घाडी घराण्याचा, म्हणून चारकोपातही तो आपोआप सहदेवकडे आला. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांच्या वतीने एकाने हातात नारळ घेऊन देवाशी रोखठोक बोलायचं, आणि प्रत्येक मागणीच्या शेवटी त्याने ‘रे म्हाराजा’ म्हटलं, की जमलेल्यांनी एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणून रुकार द्यायचा. दसऱ्याला सोसायटीच्या सगळ्या गाड्या धुऊन, झेंडूच्या माळा घालून आवारात रांगेत लावायच्या आणि सहदेवने गाऱ्हाणं घालायचं, हा रिवाज सोसायटीला रंग लागायच्या आधीपासूनचा होता.

सोसायटीचे सेक्रेटरी देवव्रत धुरी. आडनाव धुरी आणि धुराशी हाडवैर. उदबत्तीनेसुद्धा त्यांना खोकला यायचा. बँकेतून ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले, बोलणं छापील, काखेत कायम एक निळी फाईल. सेक्रेटरीपदावर सोळा वर्षं बिनविरोध असल्याचं ते स्वतःच सांगायचे, आणि कोणी विचारण्याची वाट बघत बसायचे नाहीत. मालवणी त्यांनी बँकेत लागल्यावर सोडली ती सोडलीच. फक्त गाऱ्हाण्याच्या वेळी त्यांचं काही चालायचं नाही. डॉक्टरने गुडघ्यावर हातोडी मारली की पाय जसा उडतो, तसं कोणीही ‘रे म्हाराजा’ म्हटलं की धुरींच्या तोंडून ‘व्हय म्हाराजा’ निघायचंच, आणि तेही सगळ्यांपेक्षा मोठ्याने, डोळे मिटून.

या वर्षी मे महिन्यात धुरी त्यांच्या मुलीकडे, तेजलकडे, जर्मनीत स्टुटगार्टला गेले. तीन महिने राहून आले ते चॉकलेटं आणि एक कल्पना घेऊन. तिकडे म्हणे प्रत्येक गाडीच्या काचेवर एक गोल स्टिकर असतो. हिरवा, त्यावर चारचा आकडा. तो नसेल तर गाडी शहरात घ्यायचीच नाही. शहराच्या हद्दीवर पाटी, पाटी बघून माणूस मुकाट गाडी वळवतो. हे वर्णन सहदेवने जिन्यात, गेटवर आणि दूधवाल्याकडे मिळून अकरा वेळा ऐकलं. बाराव्यांदा ते सभेत झालं तेव्हा सहदेव घाटकोपरला भजनाला गेला होता, आणि तिथेच घात झाला.

सभेत ठराव असा झाला, की येत्या दसऱ्यापासून सोसायटीचं आवार प्रदूषणमुक्त. पाच वर्षांच्या आतल्या गाडीला हिरवा स्टिकर, दहापर्यंत पिवळा, पंधरापर्यंत लाल. पंधराच्या वर स्टिकर नाही, आणि स्टिकर नसलेली गाडी गेटच्या आत नाही. कोणी काही विचारणार तोच समोसे आले. पंधराच्या वरची गाडी सोसायटीत एकच होती, पण गरम समोसा हातात असताना ते आठवतं कोणाला?

स्टिकर काचेवर कुठे लावायचा तेही धुरींनी परिपत्रकात लिहिलं होतं. उजवीकडे, खाली. कारण तिकडे तसाच असतो. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो, ही गोष्ट धुरींनी तीन महिन्यांत पाहिली असणार, पण मनावर घेतली नव्हती.

मग गेटवर पाटी लागली. ‘लो एमिशन झोन’चं मराठी धुरींनी स्वतः केलं होतं, जाड शब्दकोश उघडून: ‘अल्प उत्सर्जन क्षेत्र’. पाटी नवी करायला नको म्हणून त्यांनी भिंतीवरची जुनी पाटी पांढरी करून तिच्यावरच ही अक्षरं रंगवून घेतली. जुनी पाटी होती ‘येथे लघवी करू नये’. त्या भिंतीकडे गेली दहा वर्षं कोणी तोंड करून उभं राहिलं नव्हतं. नवी पाटी लागून चार दिवस झाले नाहीत तोच वॉचमनने एका रिक्षावाल्याला तिथे उभं असताना धरलं. रिक्षावाला शिकलेला निघाला. त्याने पाटीकडे बोट दाखवून सांगितलं, की पूर्वी बंदी होती हे मलाही माहीत आहे, पण आता थोडं चालतं असं तुम्हीच लिहिलंय. सहदेवने ही हकिकत प्रत्येक मजल्यावर स्वतः जाऊन सांगितली. धुरींनी त्याच्याशी दोन दिवस बोलणं टाकलं.

पण हसून गाडी वाचणार नव्हती. सहदेव कागद घेऊन धुरींकडे गेला. रीपासिंगचा कागद, टॅक्सची पावती, परवाच काढलेली पीयूसी, सगळं टेबलावर मांडलं. सरकार माझ्या गाडीला चाल म्हणतं, मग तुम्ही कोण थांबवणार, एवढंच त्याचं म्हणणं. धुरी म्हणाले, सरकारचा नियम सरकारच्या रस्त्यावर, गेटच्या आत संस्थेचे उपविधी. सहदेव म्हणाला, मग धूर मोजा, तुमच्या गाडीचाही मोजा, माझ्याही. धुरींनी फाईल मिटली. धूर मोजायची यंत्रणा संस्थेकडे नाही, वय कागदावर असतं, असं ते म्हणाले आणि चहाही विचारला नाही.

यंत्रणा नाही, हे त्यांनी तळमजल्यावरच्या धम्मपाल तायडेच्या बरोब्बर डोक्यावर बसून सांगितलं. धम्मपाल मूळचा बुलढाण्याकडचा. पेट्रोल पंपाच्या बाजूला त्याची पीयूसीची गाडी उभी असायची, तिच्यातलं मशीन घेऊन तो दिवसभर लोकांच्या सायलेन्सरमध्ये नळी घालायचा. माणूस अबोल. त्याच्या मशीनमधून जेवढे शब्द छापून यायचे तेवढेच त्याच्या तोंडून यायचे. आणि सेटिंग हा शब्द त्याच्याजवळ काढायचा नाही. सख्ख्या मेव्हण्याची बाईक त्याने फेल केली होती आणि सासुरवाडीला जाणं वर्षभर बंद झालं तरी आकडा बदलला नव्हता. त्याची मुलगी दीप्ती वकिली शिकत होती. सभांचं इतिवृत्त तीच लिहायची, कारण दुसरं कोणी लिहीत नव्हतं. तीही बापासारखीच, जे बोललं जाईल ते लिहायची, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

दसरा आठ दिवसांवर आला. बाहेर रस्त्यावर गाडी लावायला जागा नव्हती, आणि टोइंगवाले दिवसातून दोन फेऱ्या मारायचे. लिंक रोडचा भंगारवाला एकदा येऊन व्हॅनमालाभोवती फिरून गेला, टायरला लाथ मारून बघितली. ती लाथ सहदेवला स्वतःला लागली. त्याला राग आला होता आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं. भजनाला रिक्षा करून जाता येईल, पण पखवाज मांडीवर घेऊन, टाळ वाजवत, अर्धा अभंग गाडीतच म्हणून टाकायची ती मजा रिक्षात कुठून येणार? आणि तेजल जर्मनीला निघाली त्या दिवशी ठरवलेली टॅक्सी आलीच नाही, तेव्हा तिच्या तीन बॅगा, तिची रडणारी आई आणि फाईल धरून बसलेले धुरी, सगळ्यांना विमानतळावर वेळेत कोणी पोचवलं होतं? तेव्हा धुरींनी व्हॅनमालाचं वय विचारलं नव्हतं.

हे सगळं तो रात्रंदिवस नलिनीला ऐकवायचा. शेवटी तिने भाकरी थापता थापता सांगितलं, “तो माणसांचा ऐकणा नाय. देवाचा ऐकता काय बगा.”

सहदेव उठून खाली गेला आणि गाडी धुताना स्वतःशीच काहीतरी पुटपुटू लागला. पुढचे आठ दिवस व्हॅनमाला रोज दोनदा धुतली गेली. नलिनीला वाटलं, निरोप घेतोय.

दसऱ्याच्या सकाळी आवारात गाड्या रांगेत लागल्या. झेंडू, आंब्याची पानं, चाकाखाली लिंबं. धुरींची तीन वर्षांची मोठी डिझेल गाडी पहिली, गेटाकडे पाठ करून. ती आठवड्यातून एकदा कव्हरमधून निघायची, देवळापर्यंत जायची आणि परत कव्हरमध्ये जायची. व्हॅनमाला शेवटची, रांग सोडून गेटातच, अर्धी आत, अर्धी बाहेर. धुरींच्या हातात स्टिकरांचं भेंडोळं होतं, हिरवे, पिवळे, लाल. दीप्ती वही घेऊन उभी होती, कारण हा कार्यक्रम ठरावाच्या अंमलबजावणीचा म्हणून धुरींनीच तो सभेत धरायला सांगितला होता. धम्मपाल आणि दीप्ती दोघंही बुद्धविहारातून नुकतीच आलेली, पांढऱ्या कपड्यांत. दसऱ्याचा दिवस त्यांच्या घरी धम्मचक्र प्रवर्तनाचा.

सहदेवने नारळ घेतला, टोपी सारखी केली आणि आवाज लावला.

“बा देवा रवळनाथा, तू गावचो राखणदार. आज तुझी लेकरां हय चारकोपात जमली हत रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“ह्यो नारळ तुझ्या पायाकडे ठेवतो, तो मानून घे, आणि आमच्या इंजिनाक, टायराक, ब्रेकाक संभाळ रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“आमच्या सेक्रेटरीन परदेशातसून नवो नियम हाडलो हा. त्येका यश दी रे म्हाराजा.”

धुरींना हे अपेक्षित नव्हतं. ते एवढे खूश झाले की या वेळी त्यांचा ‘व्हय म्हाराजा’ समोरच्या सोसायटीपर्यंत गेला. त्यांनी डोळे मिटले, हात जोडले आणि मान डोलवू लागले. गाऱ्हाण्याला आता लय सापडली होती, आणि एकदा लय सापडली की माणूस काय ऐकतोय याकडे लक्ष देत नाही. शेवटचा शब्द आला की तोंड आपोआप उघडतं. सहदेवने श्वास घेतला.

“जा काय पंधरा वर्सांच्या वयला जुना झाला आसात, मगे ता पेट्रोलवर चलांदे, डिझेलवर चलांदे, नायतर खुर्चेर बसान चलांदे, ता आजच्या आज गेटाभायर जांवदे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!” सगळं आवार म्हणालं, आणि सगळ्यांत मोठा आवाज धुरींचा होता.

दीप्तीचं पेन थांबलं. तिने शांतपणे विचारलं, की एकमताने मंजूर असं लिहिते, पण खुर्चीवर बसून चालणारं म्हणजे नक्की काय लिहू? तेव्हा धम्मपालने, जो वर्षाकाठी दहा वाक्यं बोलायचा, त्यातलं एक खर्च केलं.

“धुरीसाहेब, तुम्ही सेक्रेटरी किती वर्षं?”

“सोळा. बिनविरोध,” धुरी सवयीने म्हणाले, आणि मग त्यांनी डोळे उघडले.

हशा असा उठला की तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी काय झालं म्हणून विचारलं. नलिनीने तोंडाला पदर लावला. मागून एकाने सेक्रेटरींना लाल तरी द्या, असं सुचवलं. दुसरा म्हणाला, लालही पंधरापर्यंतच आहे.

सहदेव आठ दिवस या हशाची वाट बघत होता. तो आला, आणि त्याला तो गोडही लागला, पण फार वेळ नाही. धुरींनी हातातलं भेंडोळं उगाच उलगडलं, परत गुंडाळलं. बायको दोन वर्षांपूर्वी गेली, मुलगी तिकडे. सकाळी दाढी करून ती निळी फाईल काखेत मारली की जिना उतरायला कारण मिळायचं. ती फाईल काढून घेतली तर हा माणूस खाली कशासाठी येणार, असं सहदेवच्या मनात आलं, आणि तो मनातून खजील झाला. भंगारवाल्याने टायरला लाथ मारली तेव्हा आपल्याला जसं लागलं होतं, तसंच आज आपण दुसऱ्याला लावलं, हे त्याला स्पष्ट कळलं.

त्याने नारळ पुन्हा उचलला. गाऱ्हाणं चालू आहे म्हटल्यावर हसणारे गप्प झाले.

“बा म्हाराजा, लेकराची जीभ घसारली, ता पोटात घाल. जुना असांदे. पण जा धूर सोडणा नाय, ता गेटाच्या आत ऱ्हवांदे रे म्हाराजा.”

सगळे धुरींकडे बघत राहिले. सहदेव नारळ धरून उभा होता. धुरींनी एकदा शेवटी उभ्या असलेल्या पांढऱ्या ओम्नीकडे पाहिलं, तिच्या त्या सरकत्या दाराकडे, जिथून तेजलच्या तीन बॅगा आत गेल्या होत्या. मग ते हळू आवाजात, डोळे उघडे ठेवून म्हणाले, “व्हय म्हाराजा.”

त्यांच्यामागून सगळे म्हणाले. दीप्तीने वहीत लिहिलं: वय नव्हे, धूर.

धम्मपालने मशीन आणलं. संस्थेकडे नसलेली यंत्रणा तळमजल्यावरून आवारात यायला दोन मिनिटं लागली. आधी व्हॅनमाला. त्याने नळी सायलेन्सरमध्ये घातली आणि स्वतः विहारातल्या त्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात बरोबर सायलेन्सरच्या मागे उभा राहिला. चालू करा, म्हणाला. सहदेवने चावी फिरवली. इतकी वर्षं इंजिनांचे आवाज ऐकलेल्या माणसाला त्या क्षणी काही ऐकू येत नव्हतं. मशीनने कागद बाहेर टाकला. धम्मपालने तो वाचला, सदरा झटकून बघितला, त्यावर डाग नव्हता. पास, म्हणाला.

मग धुरींची गाडी. धम्मपालने नळी लावली, रेस करा म्हणाला, आणि शांतपणे दोन पावलं बाजूला सरकला. धुरींनी पाय दाबला. मागून काळा भपकारा निघाला आणि गेटाच्या भिंतीवर ‘अल्प उत्सर्जन क्षेत्र’ या अक्षरांवर जाऊन बसला. धुरी खोकत खाली उतरले. गाडी काठावर पास झाली होती.

“मध्यम,” धम्मपाल म्हणाला, आणि भेंडोळ्यातून एक पिवळा काढून त्यांच्या हातात दिला.

धुरींनी तो मुकाट्याने घेऊन आपल्या काचेवर चिकटवला. मग हिरवा सोलून ते व्हॅनमालापाशी गेले, दार सरकवून नव्हे तर पुढचं डावं दार उघडून सहदेवच्या शेजारी बसले, आणि काचेजवळ हात नेऊन थांबले. परिपत्रक त्यांनीच लिहिलेलं होतं.

“कुठे लावू?” त्यांनी विचारलं. सोळा वर्षांत त्यांनी कोणाला काही विचारल्याचं सहदेवला आठवत नव्हतं.

“डावीकडे लावा,” सहदेव म्हणाला. “उजवीकडे माका रस्तो दिसाक व्हयो.”

धुरींनी स्टिकर डावीकडे लावला, अंगठ्याने कडा दाबल्या, हवेचा फुगा राहिला होता तो नखाने काढला. काम झालं होतं, तरी ते उतरले नाहीत. फाईल मांडीवर घेऊन समोर बघत बसून राहिले.

“रविवारी भजन कुठे आहे?”

“घाटकोपराक.”

“मागे जागा असते?”

सहदेवने आरशातून मागच्या सीटकडे पाहिलं, जणू आत्ताच माणसं मोजतोय.

“फाईल घरी ठेवन इलास तर आसा,” तो म्हणाला. “मांडयेर पखवाज घेवचो लागतलो.”